आयसीयूतला थायरॉइड रिपोर्ट आणि आयुष्यभराची गोळी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकाच दुखण्याभोवतीची निघाली: शरीराच्या स्वतःच्याच अँटिबॉडीमुळे मेंदूला येणारी सूज, आणि त्याच वेळी बिघडलेले थायरॉइडचे आकडे. पहिलं पत्र लांब आहे. तरी ते काटछाट न करता छापा, अशी विनंती मी संपादकांना केली. नावगाव ओळखू येईल असं काही ठेवलेलं नाही. पत्रांत येणारा टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारा पिट्युटरी ग्रंथीचा हार्मोन; टीपीओ ही थायरॉइडवर उलटणारी अँटिबॉडी, आणि एनएमडीए ही मेंदूवर उलटणारी.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. आम्ही कवठेमहांकाळ तालुक्यातले. मुलगी २१ वर्षांची, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. दिवाळी झाली आणि तिची झोप उडाली. सारखं बोलायची, मध्येच रडायची, भिंतीतून कुणीतरी नाव घेतंय म्हणायची. घरातल्या थोरांनी बाहेरचं आहे म्हणून देवऋष्याकडं नेलं, त्यात आठ दिवस गेले. मग मानसोपचार डॉक्टरांकडं नेलं. त्या गोळ्यांनी अंग ताठ झालं, ताप आला आणि फिट आली. मोठ्या दवाखान्यात हलवलं. पाठीच्या कण्यातलं पाणी तपासल्यावर एनएमडीए अँटिबॉडी निघाली. २४ दिवस ॲडमिट, त्यातले ९ आयसीयूत. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये अंडाशयात गाठ नाही. देवाच्या कृपेनं पोरगी घरी आली. माणसं ओळखते, भाकरी थापते, पण सकाळचं संध्याकाळी आठवत नाही.

आता प्रश्न थायरॉइडचा. आयसीयूत टीएसएच कमी होता. घरी आल्यावर दोन आठवड्यांनी गावाजवळच्या डॉक्टरांनी तपासला तर जास्त निघाला, टीपीओ पण पॉझिटिव्ह. ते म्हणाले, थायरॉइडमुळंच मेंदूवर परिणाम झाला, ५० ची गोळी आता आयुष्यभर. तिचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. पाहुण्यांना मेंदूच्या आजाराचं समजावून सांगितलं, ते ऐकून घेतलं. पण गोळी आयुष्यभर म्हटल्यावर त्यांनी निरोप पाठवणं बंद केलं. खरंच थायरॉइडनं झालं का? गोळी कायमची का? रिपोर्ट जोडले आहेत.

उत्तर : दादा, तुम्ही पाठवलेल्या झेरॉक्स मी तारखेप्रमाणे टेबलावर एका ओळीत मांडल्या आणि मग वाचल्या. थायरॉइडचा एकटा रिपोर्ट फसवतो. ओळीत लावले की गोष्ट कळते.

ॲडमिट झाल्यावर सहाव्या दिवशी थायरॉइडचे दोन हार्मोन, टी-थ्री ५२ आणि टी-फोर ५.४; टीएसएच ०.३१. टी-थ्री साधारण ८० च्या वर हवा, टीएसएच ०.४ ते ४ च्या आसपास. म्हणजे टी-थ्री चांगलाच खाली, टी-फोर काठावर आणि टीएसएचही खाली. थायरॉइड ग्रंथी स्वतः निकामी होत असती तर टीएसएच वर गेला असता. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी टीएसएच सोडते. हार्मोन कमी पडला की ती जोरात हाका मारायला लागते. इथे हार्मोन कमी आहे आणि पिट्युटरीही गप्प आहे. हे चित्र गंभीर आजाराचं आहे. न्युमोनियात दिसतं, मोठ्या हार्ट ॲटॅकनंतर दिसतं, जळीत रुग्णात दिसतं, आणि मेंदूच्या या सुजेतही दिसतं.

असं का होतं ते सांगते. ग्रंथीतून बाहेर पडतो तो मुख्यतः टी-फोर. त्यात आयोडीनचे चार अणू असतात. शरीराच्या खऱ्या कामाला लागतो टी-थ्री, आणि तो बराचसा ग्रंथीबाहेर, यकृतात, मूत्रपिंडात, इतर पेशींत तयार होतो. टी-फोरमधला एक ठरावीक अणू काढून. माणूस अंथरुणाला खिळला, ताप-सूज असली, पोटात अन्न नसलं, की शरीर तो अणू काढायचं कमी करतं आणि दुसऱ्या बाजूचा काढतं. तयार होतो तो उलटा टी-थ्री. किल्लीचा भलताच दात घासला गेला तर ती कुलपाला लागत नाही, तसा तो कुठेच लागत नाही. तुमच्या भागाला कळेल असं सांगायचं तर म्हैसाळ योजनेच्या पाण्याचं आवर्तन बंद झाल्यासारखं आहे. कालवा फुटलेला नाही, पंप जळालेले नाहीत. टंचाईत पाणी राखून ठेवलंय.

त्यात औषधांची भर. तुमच्या डिस्चार्ज कार्डावर मिथाइलप्रेडनिसोलोनची १ ग्रॅमची सलाइन चौथ्या दिवशी सुरू झाल्याचं लिहिलंय, आणि थायरॉइडचं रक्त घेतलं सहाव्या दिवशी. एवढ्या मोठ्या डोसच्या स्टेरॉइडनं टीएसएच दबतो आणि टी-फोरचा टी-थ्री होणंही मंदावतं. पहिल्या आठवड्यात फिटसाठी फेनिटॉइन चालू होतं, त्यानं टी-फोरचा आकडा आणखी खाली येतो. म्हणजे त्या दिवशीच्या रक्तात आजार, स्टेरॉइड आणि फेनिटॉइन असे तिघेही बसलेले होते. थायरॉइडच्या खऱ्या प्रकृतीबद्दल बोलायची ती वेळच नव्हती. चीनमधल्या डॉक्टरांनी एनएमडीएच्या रुग्णांचे आकडे जमवले, त्यातही टी-थ्री खाली असलेले बरेच निघाले, आणि जितका आजार जड तितका टी-थ्री खाली असं दिसलं. सूज उतरली की तो आपला आपण वर येतो. म्हणून त्या वेळचा टी-थ्री मी आजार किती जड आहे हे बघायला वाचते. गोळी लिहायला नाही.

मग दोन आठवड्यांनी टीएसएच ८.९ कसा? आजारातून उठताना पिट्युटरी जागी होते आणि काही दिवस जरुरीपेक्षा मोठ्यानं हाका मारते. त्या काळात टीएसएच थोडा वाढतो, कधी २० पर्यंतही जातो, आणि काही आठवड्यांत खाली येतो. तुमच्या त्याच रिपोर्टवर टी-थ्री ९६ आहे, म्हणजे ५२ वरून वर आलाय. मुलगी बरी होत होती, आणि नेमक्या त्या दिवशी तिच्या नावावर कायमचा आजार लिहिला गेला. डॉक्टरांच्या हातात फक्त एकच कागद होता, पुढचे-मागचे नव्हते, म्हणून मी त्यांना दोष देणार नाही. पण ‘थायरॉइडमुळंच मेंदूवर परिणाम’ हे वाक्य चुकीचं आहे, आणि ते इथे स्पष्ट लिहिणं मला गरजेचं वाटतं.

आता टीपीओ. दादा, ॲडमिट झाल्यावर दुसऱ्याच दिवशी केलेल्या रिपोर्टचं मागचं पान बहुधा कुणी उलटून बघितलं नाही. तिथे अँटी-टीपीओ ९ आहे, म्हणजे निगेटिव्ह. घरी आल्यावरच्या रिपोर्टमध्ये ११८. या दोघांच्या मधे काय घडलं? नवव्या ते तेराव्या दिवशी आयव्हीआयजी दिलं. ते औषध हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून गोळा केलेल्या अँटिबॉडींचं असतं. निरोगी लोकांतही दहा-बारा टक्क्यांच्या रक्तात टीपीओ अँटिबॉडी असते. त्या दात्यांची अँटिबॉडी बाटलीतून तुमच्या मुलीच्या रक्तात आली असावी, असं मला या तारखांवरून वाटतं. अशी उसनी अँटिबॉडी दर तीन आठवड्यांना साधारण निम्मी होत जाते. आयव्हीआयजीनंतर तीनेक महिन्यांनी टीपीओ पुन्हा तपासा. निगेटिव्ह आली, तर ती तुमच्या घरची नव्हती.

गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका. हे सगळे कागद याच क्रमानं लावून न्यूरॉलॉजिस्टकडे किंवा फिजिशियनकडे जा. त्यांच्या देखरेखीखाली गोळी थांबवून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच आणि फ्री टी-फोर करता येतो. आता गोळी चालू असताना टीएसएच १.९ आलाय, त्यावरून काहीच ठरत नाही. गोळी घेतल्यावर तो तसा येणारच. थांबवल्यावरही टीएसएच १० च्या वर राहिला किंवा फ्री टी-फोर कमी आला, तर मात्र थायरॉइड खरंच मंद आहे असं धरून गोळी घ्यायची. काही रुग्णांत मेंदूचा आणि थायरॉइडचा असे दोन्ही ऑटोइम्यून (शरीर स्वतःवरच उलटण्याचे) आजार शेजारी शेजारी असतात, म्हणून तपासणी टाळू नका. आणि तसं निघालं तरी सकाळची एक छोटी गोळी हे लग्न मोडायचं कारण होऊ शकत नाही. पाहुण्यांना माझ्या विश्रामबागच्या दवाखान्यात घेऊन या. मी त्यांच्याशी बोलेन, मनापासून सांगते.

स्टेरॉइडच्या गोळ्या कमी करत आणल्या आहेत, त्या लिहून दिल्याप्रमाणेच कमी करा. एकदम सोडल्या तर गळून जाणं, उलट्या, बीपी पडणं असं होतं, आणि लोक तेही थायरॉइडच्या खात्यात टाकतात. आठवणीची घाई करू नका. या आजारात सुधारणा दीड-दोन वर्षं होत राहते. २०१३ साली ५७७ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दोन वर्षांनी दर पाचातले चार जण चांगले सावरलेले होते. आजार परत उलटण्याचं प्रमाण त्यात दोन वर्षांत साधारण १२ टक्के होतं. म्हणून झोप उडणं, विचित्र बोलणं, फिट यातलं काही परत दिसलं तर त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. अंडाशयाची सोनोग्राफीही सांगतील त्या अंतरानं करत राहा. काही जणींत या आजाराचं मूळ अंडाशयातल्या गाठीत असतं, आणि ती गाठ कधी कधी नंतर दिसते.

या आजाराबद्दल मी एवढं का लिहिते तेही सांगते. मी मेडिसिनचं एमडी केलं तेव्हा हा आजार पुस्तकात नव्हता. २००४ च्या सुमारास मिरजेत माझ्यासमोर अथणीकडची १९ वर्षांची मुलगी होती. आधी बडबड, मग गप्प, मग ताप. तोंड सारखं काहीतरी चघळल्यासारखं हलायचं, आणि डाव्या हाताची बोटं चादरीच्या टोकावर वाती वळल्यासारखी फिरत राहायची. तिची आई कन्नडमधून मला विचारायची, ही देवासाठी वाती करतेय का. आम्ही ‘व्हायरल’ लिहिलं. ती गेली. २००७ साली जोसेप दाल्माऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एनएमडीए रिसेप्टरवरची ही अँटिबॉडी दाखवून दिली. तो लेख वाचताना मला ती बोटं दिसली. तुमच्या पत्रात ‘भाकरी थापते’ हे शब्द वाचले तेव्हाही तीच दिसली. दादा, तुमची पोरगी वाचली आहे. तिच्यावर नको तो शिक्का बसू देऊ नका.

प्रश्न : डॉक्टर ताई, आम्ही तासगावकडचे, आमची द्राक्षबाग आहे. आमच्या मालकांचं वय ६३. तीन महिन्यांपासून विसरभोळेपणा वाढलाय. छाटणीला कोणते मजूर सांगितले तेच आठवत नाही. उजवा हात आणि तोंडाची उजवी बाजू एकदम आखडते, एक-दोन सेकंदच, पण दिवसातून चाळीसेक वेळा. हातातला चहा सांडतो. रक्तात सोडियम १२२, टीएसएच ६.२, टीपीओ ६४०. एका डॉक्टरांनी सांगितलं, थायरॉइडमुळे मेंदूला सूज आहे, २५ ची गोळी घ्या. महिना झाला, फरक नाही. आणखी काही तपासायला हवं का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रावर फोन नंबर होता म्हणून अंक छापून यायची वाट न बघता मी त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला. तेच इथे इतरांसाठी लिहिते.

साठीच्या आसपासचा पुरुष, हात आणि चेहऱ्याची एकच बाजू क्षणभर आखडणं, ते दिवसातून अनेकदा, स्मरणशक्ती घसरणं, सोडियम खाली. ही चारही लक्षणं एकत्र आली की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं एलजीआय-वन या, मेंदूवर उलटणाऱ्या दुसऱ्या एका अँटिबॉडीचं. तिची ओळख २०१० साली पटली. त्या आखडण्याला लोक लचक म्हणतात, वात म्हणतात, पण ते फिटच असतात. फिटच्या नेहमीच्या गोळ्यांनी ते बहुधा थांबत नाहीत, स्टेरॉइड आणि इम्यून उपचारांनी मात्र चांगले आटोक्यात येतात. आणि वेळेत उपचार झाले तर पुढची स्मरणशक्ती वाचते. म्हणून मुलाला मोबाइलवर त्या झटक्यांचा व्हिडिओ काढायला सांगितलं. माझ्या दहा मिनिटांच्या तपासणीपेक्षा तो व्हिडिओ न्यूरॉलॉजिस्टला जास्त सांगेल. अँटिबॉडीसाठी रक्त आणि पाठीतलं पाणी दोन्ही पाठवा. एलजीआय-वन पुष्कळदा रक्तातच जास्त नीट सापडते.

मग टीपीओ ६४० चं काय? हाकारू हाशिमोतो या जपानी सर्जननी १९१२ साली थायरॉइडच्या या सुजेचं वर्णन केलं. १९६६ साली लंडनच्या लॉर्ड ब्रेन या न्यूरॉलॉजिस्टनी अशाच एका थायरॉइडच्या रुग्णात मेंदूचा आजार नोंदवला, आणि ‘हाशिमोतो एन्सेफलोपॅथी’ हे नाव रूढ झालं. ते निदान आजही होतं. पण २०१६ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनी त्याला शेवटच्या बाकावर बसवलं: मेंदूच्या ओळखीच्या अँटिबॉडी तपासून त्या नाहीत असं ठरल्यावर, आणि दुसरी सगळी कारणं वगळल्यावर. नंतर अशा संशयित रुग्णांचा एक मोठा आढावा झाला. त्यात निकषांत बसणाऱ्यांपैकीही जेमतेम एक तृतीयांश लोकांना स्टेरॉइडचा गुण आला.

टीपीओ अँटिबॉडी थायरॉइडवर काम करते. मेंदूला ती इजा करते असं सिद्ध झालेलं नाही. आपल्या भागात बसस्टँडवर उभ्या असलेल्या पन्नास माणसांची टीपीओ तपासली तरी पाच-सहा जणांत सापडेल. तुमच्या मालकांना थायरॉइडची सौम्य सूज असेलही, पण टीएसएच ६.२ नं सोडियम १२२ होत नाही आणि चहाचा कप हातातून सुटत नाही.

२०१२ साली मी स्वतः ही चूक केली आहे. मेंदूच्या सुजेची लक्षणं असलेल्या ३० वर्षांच्या बाईंची टीपीओ हजाराच्या वर होती. कारण सापडलं म्हणून मी शोध थांबवला. दोन आठवड्यांनी पोट फुगलंय म्हणून सोनोग्राफी झाली आणि अंडाशयात टेराटोमा निघाला, केस आणि दातांसकट. असल्या गाठीत कधी कधी मेंदूच्या पेशीही असतात, आणि त्यांच्यावर तुटून पडलेल्या अँटिबॉडी खऱ्या मेंदूवर जातात. तिची गाठ काढली, ती सावरली. ते दोन आठवडे मी तिला परत देऊ शकले नाही. तेव्हापासून टीपीओचा आकडा कितीही मोठा असो, पुढची तपासणी लिहूनच मी पेन ठेवते.

सोडियमसाठी घरी मीठ-पाणी पाजत बसू नका. १२२ हा आकडा दवाखान्यात, हळूहळू आणि मोजून दुरुस्त करायचा असतो. घाईनं वाढवला तर मेंदूला वेगळी इजा होते. २५ ची गोळी न्यूरॉलॉजिस्ट सांगेपर्यंत चालू राहू दे, तिनं नुकसान नाही. आज हे लिहिताना तुमचे मालक मिरजेत ॲडमिट आहेत आणि अँटिबॉडीचा नमुना गेलेला आहे, हे मला माहीत आहे. रिपोर्ट यायच्या आधीच स्टेरॉइड सुरू केलं, याची काळजी करू नका. लक्षणं एवढी बोलकी असताना थांबायचं नसतं.

प्रश्न : मी साताऱ्यात प्राथमिक शिक्षिका आहे, वय ३४. बाळंतपणानंतर थायरॉइडची ७५ ची गोळी चालू आहे, टीपीओ पॉझिटिव्ह आहे. शेजारच्या एका मुलीला मेंदूची सूज आली आणि तिलाही थायरॉइड निघालं म्हणे. मला तसं होईल का? सहा महिन्यांपूर्वी टीएसएच ९ होता, परवा ०.२ आला. गोळी तीच आहे. रात्री झोप लागत नाही.

उत्तर : बाई, नाही. मंद थायरॉइड आपल्याकडे दर दहा मोठ्या माणसांत साधारण एकाला आहे. मेंदूची ही ऑटोइम्यून सूज वर्षाला लाखात एखाद्याला होते. टीपीओवाल्या बहुतेक सगळ्या बाया नाती खेळवेपर्यंत गोळी घेतात, आणि त्यापलीकडे त्यांना काही होत नाही. काही आठवड्यांतच वागणं बदललं, भास झाले, फिट आली, तर तपासायचं. ते थायरॉइड नसलेल्यांनीही करायचं.

तुमच्या झोपेचं मूळ मला त्या दोन आकड्यांत दिसतं. गोळी तीच असताना ९ वरून ०.२ म्हणजे गोळी घेण्याच्या वेळेत किंवा तपासणीत काहीतरी बदललंय. सकाळच्या शाळेच्या गडबडीत गोळी चहाबरोबर जात होती का? लोह-कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर सोबतच घेत होतात, आणि आता त्या बंद झाल्या का? त्या सोबत असल्या की थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही. चार तासांचं अंतर लागतं. आणि केस गळतात म्हणून बायोटिनची गोळी चालू केलीत का? बायोटिन रक्तात असलं की पुष्कळ मशीनवर टीएसएच खोटा कमी दिसतो. चालू असेल तर दोन दिवस आधी बंद ठेवून रक्त पुन्हा द्या. टीएसएच तरीही कमीच आला तर डोस उतरवावा लागेल. जास्त डोसनंही झोप उडते, छाती धडधडते. तोवर गोळी उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर घ्या आणि चहा अर्ध्या-पाऊण तासानं. शाळेला निघायच्या आधी तेवढा वेळ मिळत नसेल तर मला कळवा, रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेण्याचा पर्यायही आहे.